छोट्या शहराच्या वर्तमानपत्राचा इतिहास : नक्की कुणाचा लिहायचा?

कातळावरचा
मंडळी, रत्नागिरीच्या जुन्या वर्तमानपत्रांवर एक मोठा लेख लिहायला घेतला आहे. ठळक टप्पे बऱ्याच जणांना ठाऊक असतील. जनार्दन हरि आठल्ये यांचं 'जगन्मित्र', मग १८७१ साली हरि नारायण लिमये यांनी काढलेलं 'सत्यशोधक', पुढे 'बळवंत'. स्वातंत्र्यानंतर दैनिकं आली, अक्षरजुळणीचे खिळे गेले, ऑफसेट छपाई आली, रंगीत पान आलं. एवढं लिहायला एक रविवार पुरेल, पण मग तो लेख म्हणजे संपादकांच्या तसबिरींची रांग होईल. हार घालायचा आणि पुढे सरकायचं.

मला आपलं वाटतं की गावच्या पेपरातला अग्रलेख सोडून उरलेलं सगळं आधी वाचावं. जाहीर नोटिसा, लिलाव, हरवले-सापडले, बोटींच्या वेळा. अग्रलेख संपादकाचा, पण हे शेवटचं पान सगळ्यांचं. आगबोटी पावसाळ्यात बंद व्हायच्या आणि मुंबईची डाक घाट चढत-उतरत यायची. त्या दिवसांत गावात छापलेला चार पानी कागद लोकांना काय देत होता, हे मला शोधायचं आहे.

तर दोन प्रश्न. असा इतिहास लिहावा की नाही? आणि लिहायचा तर जुन्या फायली कुठे मिळतील? घरोघरी विचारून झालं. उत्तर एकच, 'वाळवी लागली म्हणून जाळल्या.'

सोलकढी
वाचनखूण साठवली. लिहाच.

जुनाट
'सत्यशोधक' म्हणजे जोतीराव फुल्यांच्या चळवळीचंच पत्र ना? मग संपादकांचा इतिहास बाजूला कसा टाकता येईल? ती तर विचारांची लढाई होती.

भरतीओहोटी
@जुनाट, नाही हो. रत्नागिरीचं पत्र १८७१चं आणि सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ची, तीही पुण्यात. त्या चळवळीचं पत्र म्हणून ओळखलं जातं ते 'दीनबंधु', कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेलं. नावसाधर्म्यामुळे ही गल्लत कायम होते, तेव्हा लेखात पहिल्याच पानावर खुलासा टाका. नाहीतर स्मरणिकांमधून ती पुढची शंभर वर्षं फिरत राहील.

देवगडकर_हापूस
सुरुवात आमच्या तालुक्यापासून करा ही नम्र विनंती. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ला त्यांनी 'दर्पण' काढलं म्हणून आज अख्खा महाराष्ट्र त्या दिवशी पत्रकार दिन साजरा करतो. आणि आमच्याकडे त्या दिवशी मंत्री येणार असले की आदल्या रात्री रस्त्यावरचे खड्डे बुजतात. वृत्तपत्रसृष्टीचा कोकणाला झालेला सर्वात ठोस फायदा.

कातळावरचा
@देवगडकर, पण 'दर्पण' निघालं मुंबईतून ना. छापखाना तिथे, एका स्तंभात इंग्रजी नि शेजारी मराठी असा मजकूर वाचणारा वर्गही तिथेच. टिळक रत्नागिरीत जन्मले, 'केसरी' पुण्यात. 'काळ'वाले शिवरामपंत परांजपे महाडचे, 'काळ'ही पुण्यात. आपल्याकडे संपादक हापूससारखे पिकतात आणि पेटी भरून घाटावर जातात. जे इथेच राहिले त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

गजालीबाबा
तुमी सगळे रत्नागिरीचाच काय ता घेवन बसलात. आमच्या सावंतवाडीच्या 'वैनतेया'क कोण इचारीत नाय. १९२४चा साप्ताहिक ता. मेघश्याम शिरोडकरांनी काढलेला. वि. स. खांडेकर तेव्हा शिरोड्याक मास्तर होते, ते लिहीत त्येच्यात. पुढे ज्ञानपीठ गावला तेव्हा सगळे म्हणाक लागले 'आमचे खांडेकर'. पण सुरवातीचो मजकूर छापलो कोणी, ता पण बगा.

आणि आमची वाडी तेव्हा संस्थान होता हां. तुमचो कलेक्टर तुमच्याकडे.

माडाचीवाडी
गजालीबाबा आले म्हणजे धागा शंभरी गाठणार :)

खिळेजुळाऱ्या
कातळावरचा साहेब, तुमच्या दोन्ही याद्यांत आम्ही नाही. संपादकही आले, नोटिसाही आल्या. पण ते छापलं कुणी?

मी शाळा सुटल्यावर एका साप्ताहिकाच्या छापखान्यात लागलो. नाव सांगत नाही, मालकांची नातवंडं इथे सभासद असतील. पहिले काही महिने काम एकच, छापून झालेला फर्मा, म्हणजे खिळे जुळवून बांधलेलं पान, सोडवायचा, रॉकेलने खिळे धुवायचे आणि एकेक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा. याला आम्ही डिस्ट्रिब्यूट करणं म्हणायचो. इंग्रजीची केस, म्हणजे खिळ्यांच्या घरांची पेटी, लहान असते. देवनागरीत जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरले की केससमोर माणूस नाचल्यासारखा हलायचा. अक्षर उलटं बघून ओळखायचं. हातातल्या स्टिकमध्ये ओळ भरली की ती आवळून गॅलीत, म्हणजे लांबट तबकात. अजूनही मी दुकानाच्या काचेवरची पाटी आतून सहज वाचतो, माझ्या मुलांना त्याचं नवल वाटतं.

मजकूर पान भरायला कमी पडला की फोरमन ओरडायचा, 'सुविचार आण!' तुम्ही लोक जुन्या अंकातला सुविचार वाचून म्हणता, काय संस्कार होते त्या काळी. अहो, तिथे चार ओळींची भोकं होती.

निवडणुकीत एकदा दोन्ही उमेदवारांच्या आडनावात 'ळ'. पॅनेलची पत्रकं, पेपर, मतदार चिठ्ठ्या, सगळं आमच्याकडेच छपाईला. 'ळ'चे खिळे संपले. फोरमनने एका उमेदवाराच्या अर्ध्या बातमीत 'ल' लावला आणि सही घ्यायला संपादकांकडे प्रूफ पाठवलं. संपादकांनी दुसऱ्या उमेदवाराचं प्रूफ मागवलं आणि त्यातही तेवढेच 'ल' करायला सांगितले. निःपक्षपातीपणा मी तिथे शिकलो.

सोलकढी
=)) =)) शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

कोर्टकचेरी
खिळेजुळाऱ्यांच्या बाजूने एक कायद्याचा मुद्दा. १८६७चा छापखान्यांचा आणि पुस्तक नोंदणीचा कायदा काढून बघा. त्याने पत्रावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव मागितलं आणि त्या दोघांनी मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापन करायचं ठरवलं. संपादकाचं नाव अंकावर छापायची सक्ती १९२२च्या दुरुस्तीने आली. म्हणजे 'सत्यशोधक' निघालं तेव्हा सरकारला पकडायला माणूस हवा होता तो मुद्रक आणि प्रकाशक. छोट्या गावात हे तिन्ही बहुधा एकच गृहस्थ, हे खरं. पण शेवटच्या पानाच्या तळाशी 'हे पत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून येथे प्रसिद्ध केले' अशी जी बारीक ओळ असते ना, ती वर्षागणिक टिपत जा. छापखाना कधी बदलला, मालकी कधी मुलाकडे किंवा जावयाकडे गेली, भांडण कधी झालं, सगळं त्या ओळीत दिसतं.

आता नोटिसांबद्दल, कारण हा माझा रोजचा धंदा. कोकणात सातबारा म्हणजे वीस-वीस नावं, निम्मी मुंबईत, दोन-चार मयत, एक बडोद्याला. अशी जमीन घ्यायची तर वकील जाहीर नोटीस देतो की इतक्या दिवसांत हरकत न आल्यास हक्क सोडला असं समजू. कायद्याची अपेक्षा अशी की नोटीस वाचली जावी. घेणाऱ्याची अपेक्षा बरेचदा नेमकी उलटी. म्हणून खपाचा पेपर टाळून असं साप्ताहिक शोधलं जातं जे गिरगावातल्या चुलतभावाच्या हाती पडूच नये. काही पत्रं आज जिवंत आहेत ती वाचकांमुळे नव्हे, न वाचणाऱ्यांमुळे. तेव्हा शेवटच्या पानाला फार भोळेपणाने वाचू नका.

माडाचीवाडी
बाप रे. आमच्या आगराची नोटीस अशीच कुठेतरी आली होती म्हणतात. 'म्हणतात' एवढंच, अंक कुणीच पाहिला नाही.

चाकरमानी_परळ
कोर्टकचेरी साहेबांचं म्हणणं आजच्यापुरतं बरोबर असेल, पण आमच्या लहानपणी गावचा पेपर मुंबईत वाचला जात होता बरं का. आमचे वडील गिरणीत. खोलीत गाववाले पंधरा-सोळा, पाळीप्रमाणे झोपायचे. वर्गणी एकाच्या नावाने आणि पैसे सगळ्यांचे. अंक पोस्टाने यायचा, कागदी पट्टी गुंडाळलेला, खळ लावून चिकटवलेला. पट्टी कुणी घाईने फाडली की पहिल्या पानाची कड जायची आणि त्यावरून शिव्या. वाचणारा एक, ऐकणारे बाकीचे. आधी निधन वार्ता, मग पाऊस, मग आमच्या तालुक्यातल्या एसटीच्या बातम्या. अग्रलेख कुणी वाचल्याचं आठवत नाही, तो चपातीखाली जायचा.

१९८२चा संप झाला आणि खोल्या रिकाम्या होत गेल्या. बरेच जण गावी परतले. गिरणी कामगारांवर पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या गावच्या पेपरांचं तेव्हा काय झालं, हे कुणी तपासलंय का? तुमच्या लेखात हे यायला हवं.

कातळावरचा
@चाकरमानी, हे माझ्या डोक्यात नव्हतं. वर्गणीदारांची वही कुठे सापडली तर गाववार-चाळवार पत्ते मिळतील. धन्यवाद.

अष्टागर
सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गात अडकलेत, जरा उत्तरेला या. अलिबागचं 'कृषीवल' घ्या. चरी गावचा शेतकरी संप १९३३ला सुरू झाला, १९३९पर्यंत चालला, खोतीविरुद्ध, म्हणजे कुळांकडून वसुली करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध. नारायण नागू पाटील पुढारी. 'कृषीवल' निघालं १९३७ला, म्हणजे संप ऐन भरात असताना. ते काही शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी 'लोकांस ज्ञान व्हावे' म्हणून काढलेलं पत्र नव्हे. जमीन न कसता उपाशी बसलेल्या कुळांना आपली बाजू छापायला जागा हवी होती. त्याच १९३७च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं.

आता सांगा, इथे संपादक आणि मालक कोण होते हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवू शकता? बोटीच्या वेळा कुठल्याही पत्रात सारख्याच असतात. खोताची बातमी सारखी नसते.

जुनाट
अष्टागर यांना अनुमोदन. मी वर हेच म्हणत होतो, फक्त उदाहरण दुसरं होतं.

तळ्याकाठी
मी महाडची. अष्टागर यांचा धागा आणखी मागे नेते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला झाला आणि बाबासाहेबांच्या 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिलला, म्हणजे पुरते दोन आठवडे. ही घाई का, याचा विचार करा. आपल्याबद्दल इतरांनी जे छापलं आणि जे छापलं नाही, त्याला उत्तर द्यायला स्वतःचा कागद लागतो. तेव्हा कातळावरचा, रत्नागिरीच्या पत्रांच्या फायली मिळाल्या तर मार्च-एप्रिल १९२७चे अंक आधी उघडा. महाडची बातमी आली का, कितव्या पानावर, किती ओळी, आणि गावातल्या अस्पृश्य वस्त्यांची नावं नोटिसांखेरीज कुठे येतात का. 'शेवटचं पान सगळ्यांचं' हे मला पटत नाही. नोटीस द्यायलाही मालमत्ता लागते.

कातळावरचा
@तळ्याकाठी, मान्य. १९२७चं वर्ष यादीत सर्वात वर घेतो. नोटीस देणारे कोण आणि ज्यांच्याविरुद्ध नोटीस निघाली ते कोण, अशी दुहेरी नोंद ठेवता येईल.

हिंदुस्थानी
'बळवंत'चा उल्लेख आला म्हणून सांगतो. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, राजकारणावर बंदी होती. मग समाजसुधारणा, १९३१चं पतितपावन मंदिर, भाषाशुद्धी, हे सगळं स्थानिक पत्रातून लोकांपर्यंत गेलं.  हा एकटा विषय लेखाला पुरेल.

देवगडकर_हापूस
आला, नाव आलं. आता धागा भरकटायला किती प्रतिसाद लागतात ते मोजा. मी सुपारी ठेवतो, पाच.

व्यवस्थापक
सावरकरांवर बाजूने आणि विरुद्ध पुरेसे धागे आहेत, तिकडे जा. इथे वर्तमानपत्रांपुरतं बोला. पुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

देवगडकर_हापूस
तीनच? सुपारी हरलो.

सोलकढी
जरा हलकं काहीतरी. माझ्या आजीने एक कात्रण जपून ठेवलं होतं, 'माझा थोरला मुलगा माझ्या सांगण्यात नसून त्याचेशी कोणी देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही.' खाली पणजोबांचं नाव. त्यालाच टाचलेलं दुसरं कात्रण, पुढच्याच महिन्यातलं, त्याच थोरल्या मुलाच्या लग्नाला आलेल्यांचे आभार. मधल्या तीन-चार अंकांत काय झालं हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि थोरले आजोबा विषय काढला की सरळ आंब्याच्या बागेत निघून जायचे.

माडाचीवाडी
नोटीस पाच रुपयांची, लग्न फुकट लागलं असेल :D

पाट्याटाकू
मी एका जिल्हा दैनिकाचा गावचा वार्ताहर होतो. मानधन शून्य. मिळायचं काय तर ओळखपत्र, लेटरहेड आणि कार्यक्रमात पुढची खुर्ची. त्याबदल्यात वर्षाला अमुक एवढ्या जाहिराती आणायच्या, दिवाळी अंक आणि १५ ऑगस्टच्या शुभेच्छा धरून. ज्याची जाहिरात आणली त्याच्या विरुद्ध बातमी कशी देणार? म्हणून 'सप्ताह उत्साहात', 'शिबिर उत्साहात', 'सत्कार उत्साहात'. एकदा शोकसभा उत्साहात पार पडली असं पाठवलं आणि तसंच छापून आलं.

तुम्ही इतिहास लिहाल तेव्हा जाहिरात आणि बातमी यांच्या मध्ये रेघ आहे असं धरून चालू नका. आमच्याकडे तरी नव्हती. सरकारी जाहिरात यादीत नाव आहे की नाही यावर पेपर जगायचा किंवा मरायचा. बाहेरच्या मोठ्या पेपरांनी जिल्ह्याची पानं सुरू केली तेव्हा दुकानदारांच्या जाहिराती तिकडे गेल्या, मग तर सरकारी यादी म्हणजे सलाईनच.

खिळेजुळाऱ्या
@पाट्याटाकू, तो 'उत्साहात'चा शिक्का आमच्याकडे जुळवूनच ठेवलेला असायचा. पूर्ण शब्द बांधून बाजूला. दर वेळी कोण पाच खिळे उचलणार?

रेल्वेखालचा
२६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली, त्यानंतर मुंबईचे पेपर लवकर यायला लागले म्हणून स्थानिक पेपर बसले असं ऐकतो. खरं की काय?

पाट्याटाकू
नाही वाटत. बसले ते बाहेरच्यांच्या जिल्हा पानांनी आणि नंतर मोबाईलने. आता पहाटे पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते, तीही गावातल्याच कुणीतरी फुकट टाकलेली. रेल्वेने उलट नवी गिऱ्हाइकं दिली, भूसंपादनाच्या नोटिसा!

गजालीबाबा
सलाईन खंयचाय असूंदे, पेपर येवक व्हयो. सकाळी चायवांगडा मोबाईल हलवून काय मजा येना नाय. माशे गुंडाळूक पण येना नाय.

भरतीओहोटी
आता मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो सगळेच विसरलेत. फायली कुठे?

एक, मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इंग्रज सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला काढायचं. सरकारी दुभाष्याच्या कचेरीत हे काम चाले. 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' नावाचे ते खंड आहेत. त्यात पत्राचं नाव, गाव आणि खपाचा आकडाही दिलेला असतो. मूळ अंक वाळवीने खाल्ला असेल, पण सरकारला त्यातलं काय टोचलं ते तिथे शिल्लक आहे. मात्र लक्षात ठेवा, दुभाषा राजकारण टिपायचा. बोटीच्या वेळा आणि सोलकढीबाईंच्या पणजोबांची नोटीस तिथे मिळणार नाही.

दोन, १९५४चा ग्रंथप्रदान कायदा. १९५६च्या दुरुस्तीने त्यात वर्तमानपत्रंही आली. प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची, त्यातलं एक मुंबईत टाउन हॉलमध्ये. सगळे पाठवायचे असं नाही, पण बघायला हवं.

तीन, गावातली वाचनालयं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरात वाचनालयात पाणी शिरलं, त्याआधी २००५ला. जे आहे त्याचे फोटो आधी काढा, लेख नंतर लिहा.

कोर्टकचेरी
यात चौथं जोडा. जमिनीच्या जुन्या दाव्यांत नोटिशीचं कात्रण पुरावा म्हणून जोडलेलं असतं. वकिलांच्या घरी बासनं पडून आहेत. माझ्या वडिलांच्या कपाटात बरीच आहेत, पक्षकारांची नावं झाकून दाखवता येतील. फक्त ती पानं कापलेली आहेत. मागच्या बाजूला कुठली बातमी अर्धी राहिली असेल ते तुमचं नशीब.

तळ्याकाठी
मागची बाजूही स्कॅन करा हो. नोटीस कापणाऱ्याने जे निवडलं नाही, ते तिथेच असणार.

कातळावरचा
ठरलं. आधी १९२७चे अंक, मग गोषवाऱ्याचे खंड, त्यानंतर कोर्टकचेरी साहेबांचं कपाट. तसबिरींना एक परिच्छेद देतो, आठल्ये-लिमयांना टाळून चालणार नाहीच. खिळेजुळाऱ्या, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, फोरमन आणि कंपोझिटर मंडळींपैकी जे भेटू शकतील त्यांना या महिन्यातच भेटायचं आहे. पुराभिलेखागारात सोबत यायला मुंबईतलं कुणी तयार आहे का? इंग्रजी हस्ताक्षरातले शेरे वाचणारं कुणी असेल तर उत्तम.

चाकरमानी_परळ
मी येतो. निवृत्त आहे, वेळच वेळ. डबा तुमच्यासाठीही आणीन, पण आत खायला देत नाहीत म्हणे.

गजालीबाबा
आणि 'वैनतेय'?

कातळावरचा
बाबा, सावंतवाडी संस्थान होतं असं तुम्हीच वर म्हणालात. त्याचा धागा तुम्ही काढा.

गजालीबाबा
काढतंय. मालवणीतच काढतंय. मगे बगूया कोणाक समाजता ता.